नातं : सासू

माझ्या खिडकीवर 'मदत कक्ष' अशी पाटी आहे. ती लागल्यापासून मी एकाही माणसाला धड मदत केलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला चांगली म्हणायला नको.

त्याआधी बावीस वर्षं त्याच खिडकीवर 'तिकीट' अशी पाटी होती. माणूस यायचा, पैसे सरकवायचा, मी तिकीट फाडून द्यायचे, माणूस बोटीत बसायचा आणि पंचवीस मिनिटांत पलीकडच्या धक्क्यावर उतरायचा. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. बहिरा असो, अडाणी असो, रात्रीची न उतरलेला असो, सगळ्यांना जमायचं. मागच्या वर्षी कंपनीनं ॲप आणलं. तिकिटाचं मशीन नेलं, पैशांचा खण नेला, मलाही घरी पाठवणार होते, पण युनियन आडवी आली. मग मला तिथंच ठेवून नुसती पाटी बदलली. आता मी खिडकीत बसते, लोक येतात, आणि मी त्यांना सांगते की ॲपवर काढा. असून अडचण नसून खोळंबा म्हणतात, तशी माझी गत.

आता दाराचं सांगते, कारण खरं घोडं तिथंच पेंड खातं. बोटीकडे जायच्या वाटेवर काचेचं दार बसवलंय. फोनवरचा कोड त्याच्यासमोर धरला की हिरवा दिवा लागतो, दार उघडतं, एक माणूस आत गेला की लगेच मिटतं. पलीकडच्या धक्क्यावर बाहेर पडतानाही तसंच दार आणि पुन्हा तोच कोड. आमच्या बाजूच्या दाराशी एक वॉचमन उभा असतो. दार उघडणं हे त्याचं काम नाही. दार उघडणार नाही हे सांगणं हे त्याचं काम.

त्या बुधवारी पावणेअकराच्या बोटीला गर्दी होती. रांगेत एक परदेशी जोडपं होतं, दोघंही सत्तरीच्या पुढची. म्हातारा उंच, टोपीवाला, हातात फोन असा धरलेला जसा काही तो सांडेल. म्हातारी त्याच्या मागं, खांद्याला पिशवी. दोघांत फोन एकच, आणि दोन्ही तिकिटांचे कोड त्याच्यातच. म्हाताऱ्यानं काचेसमोर फोन धरला, हिरवा दिवा लागला, तो आत गेला, दार मिटलं. आता त्यानं वळून दुसरा कोड दाखवायला हवा होता. तो वळला नाही. पुढच्या माणसांबरोबर सरळ चालत बोटीत गेला. ती काचेवर हात मारत त्याला हाका मारत होती, आणि मागची माणसं तिला बाजूला करून आपापले कोड दाखवत होती. मी खिडकीतून बाहेर येईस्तोवर बोट सुटली होती.

वॉचमननं तिला बोटानं माझी पाटी दाखवली. ती माझ्याकडे आली.

तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती, दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकंतोडकं. त्यामुळे आमचं बरं जमलं. तिनं सांगितलं ते असं. ज्या खोलीत ते उतरले होते तिथं मालक नावाचा माणूसच नाही, दाराला आकड्यांचं कुलूप. शेजारच्या खोलीतल्या एका भल्या प्रवाशानं आपल्या आणि आपल्या बायकोच्या नंबरावर जाण्यायेण्याची दोन तिकिटं काढून कोडचे फोटो म्हाताऱ्याला पाठवले, आणि तो सकाळीच पुढच्या गावाला निघून गेला. फोन खोलीतल्या वायफायवर चालायचा. रस्त्यावर आला की तो नुसता आरसा. म्हणजे म्हाताऱ्याला फोन लावायचा प्रश्नच मिटला.

मी म्हटलं, घाबरू नका, उतरल्यावर थांबतील की तुमच्यासाठी. मोठी माणसं आहेत.

मग कपाळाला बोट लावून म्हणाली, "तो विसरतो. कधी कधी मलासुद्धा."

पलीकडचा धक्का म्हणजे काही आमच्यासारखा बेतशीर नाही. धक्क्याच्या बाहेर पडलं की समोर मोठा रस्ता, त्यावर ट्रक, आणि एकीकडे गोदामांच्या गल्ल्या, ज्यांत रोज जाणारी माणसंही चुकतात. तिथं एक म्हातारा, डोक्यातलं अर्धं पुसलेलं, भाषा येत नाही, खिशात चालू फोन नाही. त्याला आत्ताच्या आत्ता गाठायला हवं होतं, आणि त्याच्या भाषेत त्याला समजावणारं माणूस इथं एकच होतं, आणि ते माझ्या खिडकीशी उभं होतं.

पुढची बोट अकरा वीसला. म्हटलं, पस्तीस मिनिटं हातात आहेत, एक तिकीट तर काढायचंय.

तिनं नोटा पुढं केल्या. माझ्याकडे त्या घ्यायला खण नाही. तिनं कार्ड पुढं केलं. माझ्याकडे ते ओढायला मशीन नाही. मी खिडकीतल्या कॉम्प्युटरवर कंपनीचं पान उघडलं, तिचं नाव घातलं, कार्डाचा नंबर घातला, सगळं गोड चाललं होतं, आणि शेवटी त्यानं मोबाइल नंबर मागितला. इथला. तिकडचा चालणार नाही. इथला नंबर घ्यायचा तर इथला पत्ता लागतो, पत्ता सिद्ध करायला इथलं ओळखपत्र लागतं, आणि ती बाई आठ दिवसांसाठी आलेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग म्हटलं, माझ्या फोनवर काढू. तर कर्मचाऱ्यांच्या नंबरावर साधं तिकीट निघतच नाही. आम्ही तिकिटं काढून काळ्या बाजारात विकू म्हणून कंपनीनं ती सोय आधीच बंद केली आहे. बावीस वर्षं माझ्या हातून लाखो तिकिटं गेली, एकही कधी इकडची तिकडं झाली नाही, पण चोर मी.

रांगेतल्या लोकांना विचारलं. एक तरुण मुलगा तयार झाला, त्यानं फोन काढला, बोटं चालवली, आणि मध्येच थांबला. त्याच्या फोनवर प्रश्न आला होता: आपण हे तिकीट स्वतःसाठीच काढत आहात का? खोटी माहिती दिल्यास आपलं खातं कायमचं बंद होईल. ते खातं बंद झालं की नुसती बोट बंद होत नाही, बस बंद होते, दवाखान्याचा नंबर बंद होतो, विजेचं बिल भरता येत नाही. मुलानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, सॉरी म्हणाला आणि रांगेत पुढं सरकला. त्याला मी दोष देत नाही. बाकीच्यांना देते, कारण त्यांनी फोन काढलासुद्धा नाही. मी विचारायच्या आतच माना खाली. माझ्या खिडकीवरून वीस वर्षं रोज जाणारी, मुलांच्या लग्नाच्या पत्रिका आणून देणारी माणसं, त्या दिवशी त्यांना एकदम आपल्या चपलांत बघण्यासारखं काहीतरी सापडलं.

पलीकडच्या धक्क्यावर फोन लावला. तिथला माणूस कमी करून कॅमेरे लावलेत, हे मला ठाऊक होतं, तरी लावला. मधुर आवाजात एक बाई म्हणाली की आपली तक्रार ॲपवर नोंदवा.

मग शेवटी सुपरवायझरला लावला. त्याला आम्ही अपडेट म्हणतो. काहीही अडचण सांगा, तो म्हणतो, पुढच्या अपडेटमध्ये येईल. त्याचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौदाव्या मजल्यावर. धक्क्यावर तो वर्षात एकदा येतो, तेही फोटोला. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी उंच हवा. मी सगळं सांगितलं. म्हातारा हरवेल, म्हटलं. वॉचमनला सांगा, त्या बाईला एवढ्या वेळी सोडून दे म्हणावं. त्यावर त्यानं मला शांतपणे समजावलं की दार वॉचमनच्या हातात नाही, सिस्टीमच्या हातात आहे, आणि कोडशिवाय माणूस आत गेला तर मोजणी चुकते. परदेशी पाहुण्यांसाठी खास पास आहे, पासपोर्टचा फोटो पाठवा, चोवीस तासांत मिळेल.

"चोवीस तासांत तो माणूस कुठं असेल?" मी विचारलं.

"मॅडम, प्रोसेस आहे ती," अपडेट म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला, नाहीतर काय बोलले असते ते मलाच माहीत नाही. तोवर अकरा वीसची बोट गेली होती. त्या बाईनं ती जाताना बघितली. एवढा वेळ ती खिडकीच्या कठड्याला धरून उभी होती, खुर्ची दिली तर बसली नाही. दर थोड्या वेळानं ती मला सांगायची की त्यानं निळा सदरा घातलाय. मला ते माहीत होतं, मी बघितला होता. पण ती सांगायची आणि मी मान हलवायचे.

पावणेबाराला सकाळचीच बोट परत आली. मी धावत जाऊन काचेतूनच खलाशाला विचारलं. तो म्हणाला, टोपीवाला ना, उतरला की, माझ्यासमोरच उतरला. मग कुठं गेला? ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं काम बोटीपुरतं. उतरला एवढं ऐकून बाईनं माझा हात जो धरला तो सोडेचना. बोटीत बसून राहिला असेल तर परत येईल, ही एकच आशा तिला होती, आणि तीही गेली.

ही बोट पुन्हा अकरा पंचावन्नला सुटणार होती. दहा मिनिटं. तेव्हा मला ती गोष्ट सुचली.

आम्हा कर्मचाऱ्यांना कुटुंबाचा पास असतो. ॲपमध्ये चार माणसांची नावं घालता येतात, त्यांना प्रवास फुकट, कोड माझ्या फोनवर. माझ्या पासात मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. सासूबाई दर सोमवारी आणि शुक्रवारी पलीकडे जातात. तिकडे त्यांची धाकटी बहीण आहे, आमची मावशी, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. सासूबाई जाऊन तिला आंघोळ घालतात, वेणी घालतात, चादर बदलतात आणि संध्याकाळच्या बोटीनं परत येतात. त्यांच्याकडे फोन आहे, पण बटणांचा. मी सकाळी त्यांचा कोड छापून देते, तो कागद ब्लाऊजमध्ये ठेवून त्या जातात.

पासात माणूस बदलता येतो, पण वर्षातून एकदाच. लग्न, मृत्यू, घटस्फोट, अशा कामांसाठी. कुणाला काढायचं? तिला एकटीला पाठवून भागणार नव्हतं, मलाच सोबत जायचं होतं, म्हणजे मी लागत होते. नवरा रोज कामाला त्याच बोटीनं जातो. मुलगी कॉलेजला जाते. राहिल्या सासूबाई. मनाला ते लागलं, नाही असं नाही. पण म्हटलं, मावशी घरात आहे, तिच्यावर छप्पर आहे. हा म्हातारा रस्त्यावर आहे.

मी सासूबाईंच्या नावापुढची फुली दाबली. कारण विचारलं, मी 'इतर' म्हटलं. मग त्या बाईला भिंतीपाशी उभी करून तिचा फोटो काढला, पासपोर्टवरून नाव घातलं, वय एकाहत्तर, आणि नात्याच्या रकान्यात 'सासू' निवडलं. वाटलं होतं, आता हे पुरावा मागणार. कसला पुरावा? नातं तपासायला माणूस लागतो, आणि माणसं तर यांनी आधीच काढून टाकलेली. चार सेकंदांत हिरवी खूण आली. अभिनंदन, आपल्या कुटुंबात नवीन सदस्य सामील झाला आहे. एक तास मी सगळ्यांना खरं सांगत होते तर ढिम्म कुणी हललं नव्हतं. एक खोटं सांगितलं आणि दार उघडलं.

खिडकी ओढून घेतली आणि आम्ही दोघी बोटीत बसलो. बोटीत ती एकदाच बोलली. ही सहल तिनंच ठरवली होती म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या वर्षी तो प्रवास करू शकणार नाही, म्हणून ती त्याला समुद्र दाखवायला घेऊन आली होती. मग पंचवीस मिनिटं ती त्या किनाऱ्याकडे डोळे लावून बसली, आणि मी मनातल्या मनात ट्रक मोजत होते.

तो रस्त्यावर नव्हता. गल्ल्यांतही नव्हता. तो धक्क्यावरच होता.

बाहेर पडायच्या काचेच्या दारासमोर तो उभा होता, निळा सदरा पाठीला चिकटलेला. वर पत्र्याचं छप्पर, भर दुपारचं ऊन. तो फोन काचेला लावायचा, लाल दिवा लागायचा, तो फोन खाली घ्यायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. पडद्यावर अक्षरं यायची: प्रवेशाची नोंद नाही. आत येताना वापरलेला फोटो अंगठा लागून बाजूला सरकला होता, आणि तो बिचारा बायकोचा कोड दाखवत होता. दार म्हणत होतं, ही बाई आत आलेलीच नाही, तर बाहेर कशी जाईल? बरोबरच होतं दाराचं. ती माझ्या खिडकीशी उभी होती ना.

सव्वा तास तो तिथं उभा होता. दोन बोटींची माणसं त्याच्या शेजारून बाहेर गेली असतील, शंभर-सव्वाशे तरी. कॅमेरे दोन, दोन्ही त्याच्याकडेच तोंड करून. पाण्याची सोय नाही, संडास दाराच्या बाहेर. त्याची पँट ओली झाली होती. त्यानं टोपी काढून पुढं धरली होती, कुणाला दिसू नये म्हणून.

त्याच्या बायकोनं धावत जाऊन त्याला मिठी मारली नाही. ती हळूच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि फार अदबीनं, एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं, काहीतरी म्हटलं. तिनं त्याला उत्तर दिलं, त्याच्या हातातला फोन काढून माझ्याकडे दिला आणि आपल्या अंगातलं पातळ जाकीट त्याच्या कमरेला बांधलं. तो काय म्हणाला ते मी तिला नंतर विचारलं.

"म्हणाला, बाई, माझी बायको मागं राहिली आहे. मला परत जायचंय, पण दोन्हीकडची दारं उघडत नाहीत."

मी फोनवर अंगठा फिरवून आधीचा फोटो आणला आणि काचेला लावला. हिरवा दिवा. एवढंच काम होतं. तेवढं करायला त्या शंभर-सव्वाशे माणसांपैकी एकाचाही अंगठा मोकळा नव्हता.

त्यांना समोरच्या दुकानात बसवलं, पाणी दिलं, पँट घेऊन दिली. तासाभरानं त्यानं बायकोला ओळखलं आणि तिच्यावरच रागावला, इतका वेळ कुठं होतीस म्हणून. ती हसली आणि मग मला रडू आलं. हो, मलाच. येतानाच्या बोटीत तो तिच्याशेजारी बसला होता आणि ती त्याला पाणी दाखवत होती. दुसऱ्या दिवशी ते आपल्या देशी गेले.

गुरुवारी दुपारी मला अपडेटचा निरोप आला. दोन कागद होते. एक कंपनीचा अहवाल. त्यात लिहिलं होतं की प्रणालीच्या दक्षतेमुळे एक वयोवृद्ध पर्यटक सुरक्षित क्षेत्रातच थांबला आणि संभाव्य दुर्घटना टळली. पडलो तरी नाक वर, पण इतकं वर? त्याची ओली पँट त्या अहवालात नव्हती. दुसरा कागद माझ्या नावाचा: कौटुंबिक सवलतीचा गैरवापर, खोटं नातं दाखवलं, सासूची जागा एक वर्षासाठी गोठवण्यात येत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते ऐकलं होतं. इथं संन्याशाच्या सासूला दिली.

संध्याकाळी घरी सांगितलं. मला वाटलं, सासूबाई चिडतील. माझ्या जागी दुसरीला बसवलंस म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की त्या म्हाताऱ्याला खायला काय दिलंस. मग मी पासाचं सांगितलं. तुमच्यासाठी आता बोट बंद, म्हटलं. नवऱ्याचा नंबर कर्मचाऱ्याच्या घरचा, मुलीचा तोच, कुणाच्याच फोनवर तुमचं तिकीट निघणार नाही. काहीतरी वाट काढू, तोवर या शुक्रवारी जाऊ नका. त्यावर त्या उठून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. मी समजले, पटलं.

शुक्रवारी सकाळी पावणेअकराच्या रांगेत मान वर करून बघते तर खिडकीशी सासूबाई. हातात पिशवी, पिशवीत मावशीच्या धुतलेल्या चादरी. जशी काही मला ओळखतच नाहीत अशा त्या म्हणाल्या, एक तिकीट द्या.

मी म्हटलं, आई, अहो तुम्हाला सांगितलं ना काल. त्या म्हणाल्या, सांगितलंस, पण तिला सोमवारपासून आंघोळ नाही, ते कोण ऐकणार? मी खिडकीतून बाहेर आले. त्यांना बाजूला घेऊन पुन्हा सगळं समजावू लागले, नंबर, पास, गोठवलेली जागा, नवा अर्ज. बोलता बोलता माझ्याच कानावर माझा आवाज आला. शांत, समजूतदार. अपडेटचा.

सासूबाई माझं ऐकत नव्हत्या. त्या माझ्या मागं बघत होत्या. काचेच्या दाराच्या शेजारी लोखंडी फाटक आहे, तिकडून हातगाडीवाले भाज्यांच्या पाट्या आणि दुधाचे कॅन बोटीत चढवत होते.

"ते दार कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"ते सामानासाठी, आई. त्याला कोड लागत नाही."

"मग मला सामान समज," सासूबाई म्हणाल्या.

मी हसले नाही. वॉचमनही हसला नाही. मी फाटकाशी गेले, कडी काढली. कुलूप नव्हतंच, कधीच नसतं, नुसती कडी. सासूबाई पिशवी सांभाळत एका दुधाच्या कॅनमागून आत गेल्या आणि बोटीत खिडकीजवळ जाऊन बसल्या. पलीकडच्या धक्क्यावरही असंच फाटक आहे. वॉचमननं घसा साफ करून विचारलं, ताई, मोजणीत काय लिहू? मी म्हटलं, माझं नाव लिही, उघडलं म्हणून लिही.

बोट सुटली तरी मी कडी हातात धरून उभी होते. मला अपडेटचा राग आला नव्हता, कंपनीचा आला नव्हता, रांगेतल्या चपला बघणाऱ्यांचाही नाही. ती बाई माझ्यासमोर एक तास दहा मिनिटं उभी होती. मी तिच्यासाठी कॉम्प्युटर उघडला, फोन उघडला, पास उघडला, माझ्या सासूला माझ्या घरातून काढलं, पण हे फाटक मी उघडलं नाही. मला ते दिसलंच नाही. मी बावीस वर्षं त्याच्याकडे तोंड करून बसते. नंतर मी पावलं मोजली. माझ्या खिडकीपासून ते अकरा पावलांवर आहे.